नवे टायर टाकलेत? मग पहिले शंभर किलोमीटर पेण-रोहा-पेण!

टूरिंगच्या गाडीला नवे टायर टाकले की माणूस दोन कामं करतो. एक, टायरचा फोटो काढून स्टोरीला टाकतो. दोन, येत्या रविवारी डबलसीट, बॅगा बांधून थेट कोकणात उतरतो. पहिल्या कामाने कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र बोलायला हवं.

टायर बसवणारा सांगतो, "शे-दोनशे किलोमीटर जरा जपून चालवा." आपण मान डोलावतो आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत विसरतो. जपून म्हणजे नेमकं काय, का जपायचं, ते शंभर किलोमीटर चालवायचे कुठं आणि चालवताना बघायचं काय, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. यासाठी रस्ता निवडलाय रायगड जिल्ह्यातला. पेणहून निघायचं, वडखळ, नागोठणे, कोलाड करत रोह्याला जायचं, तिथून भिसे खिंडीतून पुन्हा नागोठण्याला उतरायचं आणि पेण गाठायचं. फेरा साधारण शंभर किलोमीटरचा होतो. नव्या टायरला पहिल्यांदा जेवढी धाव द्यायची असते, जवळजवळ तेवढाच.

पण नवा टायर घसरतो, हे खरंय का?

खरंय. ऐकायला उलटं वाटतं, कारण आपल्या डोक्यात नवा टायर म्हणजे भरपूर ग्रिप आणि जुना म्हणजे गोटा. पण दुकानातून निघालेला टायर पहिल्या दिवशी त्याच्या सगळ्यात चांगल्या अवस्थेत नसतो.

टायर साच्यात भाजून निघतो. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ मध्ये कळलं की रबरात गंधक घालून तापवलं की ते उन्हात वितळत नाही आणि थंडीत तडकत नाही. आजही मूळ काम तेच आहे. आता इडली सुटून यावी म्हणून आपण इडलीपात्राला तेलाचं बोट फिरवतो. तसंच तापलेला टायर साच्याला चिकटू नये म्हणून एक निसटता थर वापरतात. त्याचा अंश टायरच्या अंगावर राहू शकतो. शिवाय साचा आतून गुळगुळीत असतो, म्हणून टायरची वरची कातडी पण गुळगुळीत, चकचकीत येते. ती रस्त्यावर घासून खरखरीत झाली की मग रबर डांबराला धरायला लागतं.

दुसरं कारण आपल्याच जुन्या टायरमध्ये दडलेलं असतं. हायवेवर सरळ चालून चालून मागचा टायर मधोमध झिजतो आणि चपटा होतो. बायकर लोक त्याला टायर चौकोनी झाला म्हणतात. चौकोनी टायरवर गाडी वळवायला जोर लावावा लागतो आणि महिनोन्महिने चालवून तो जोर आपल्या हाताच्या सवयीचा होतो. मग एक दिवस नवा, पूर्ण गोल टायर येतो. तुम्ही सवयीने तेवढाच जोर लावता आणि गाडी वळणात झपकन आडवी जाते. टायरची चूक नसते. हात अजून जुन्या टायरवर असतात.

तिसरं, नवी नक्षी खोल असते. खोल नक्षीचे उंच ठोकळे ब्रेक मारल्यावर किंवा वळणात किंचित हलतात, त्यामुळे पहिले काही दिवस गाडी जरा लिबलिबीत वाटते. चौथं, टायरच्या कडा रिमवर बसवताना साबणाचं पाणी लावतात. ते सुकायच्या आत कुणी जोरात ब्रेक मारला किंवा पिकअप घेतला तर टायर रिमवरच थोडा फिरू शकतो. ट्यूबच्या टायरमध्ये असं झालं तर ट्यूब ओढली जाऊन व्हॉल्वच उपटायची भीती.

म्हणून बहुतेक कंपन्या साधारण १०० ते २०० किलोमीटर संथपणे चालवायला सांगतात. संथ म्हणजे रांगत नव्हे. अचानक काही करायचं नाही, एवढंच. ब्रेक, पिकअप, वळण, तिन्ही गोष्टी हळूहळू वाढवत न्यायच्या.

काही जण घाई म्हणून टायरला पॉलिश पेपर मारतात, काही पेट्रोलने पुसतात. दोन्ही नको. पेट्रोल रबराला खातं आणि पॉलिश पेपरने जे होतं ते रस्ता फुकटात करून देतो. आणि सर्व्हिसिंगला गाडी दिली की पोरगं प्रेमाने टायरला चकाकीचं तेल फासतं, त्याला आधीच नाही म्हणून ठेवा. मोटरसायकलच्या टायरला ते लावायचं म्हणजे घसरगुंडी स्वतःच्या पैशाने बांधायची.

निघायच्या आधी दुकानात काय बघायचं?

टायरच्या बाजूच्या भिंतीवर बरंच काही लिहिलेलं असतं आणि आपण त्यातलं फक्त कंपनीचं नाव वाचतो. उदाहरण घेऊ. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ४११ सीसी हिमालयनला मागे १२०/९०-१७ चा टायर येतो. १२० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे १०८ मिलिमीटर. १७ हा रिमचा व्यास, इंचात. त्यापुढे दोन आकडे आणि एक अक्षर असतं. आकडे वजनाचे. ६४ म्हणजे २८० किलो, ६६ म्हणजे ३०० किलो. अक्षर वेगाचं. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०.

हा वजनाचा आकडा टूरिंगवाल्यांनी नीट बघावा. गाडी दोनशे किलोची, वर दोन माणसं दीडशेची, बॅगा वीस-पंचवीसच्या. यातला मोठा वाटा मागच्या टायरवर येतो. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर दिसायला कितीही डॅशिंग असला तरी तो घ्यायचा नाही.

साइज बदलायचा मोह सगळ्यांना होतो. रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप, हा समज फार पक्का आहे. पण अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि त्याचा गोलावाच बदलतो. १२०/९०-१७ च्या जागी १३०/८०-१७ टाकला तर टायर रुंद होतो पण एकूण उंची ६४८ मिलिमीटरवरून ६४० वर येते. म्हणजे साधारण सव्वा टक्का. स्पीडोमीटर तेवढा जास्त वेग दाखवणार. फरक लहान आहे, पण टायर वळणात वेगळा का वागतोय याचं उत्तर शोधताना तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदललेल्या असतात. कंपनीही वेगळी, साइजही वेगळा. मग कळणार कसं?

तारीख बघा. भिंतीवर एका चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआयचा शिक्का लागतो, तसा आदेश २००९ चा आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, त्यामुळे परदेशी टायर आणायचा तर परवाना आला. साहजिकच काही साइज बाजारातून गायब होतात आणि मग कुठून तरी "शेवटचा पीस आहे भाऊ" असा फोन येतो. त्या शेवटच्या पीसची तारीख आधी मागायची. रबर गोदामात बसल्या बसल्या पण म्हातारं होतं.

बसवताना दोन मिनिटं उभं राहा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पुढे जाणाऱ्या दिशेनेच हवा. पिवळा ठिपका असेल तर तो टायरच्या हलक्या बाजूची खूण, तो व्हॉल्वजवळ आणतात. हवा भरल्यावर रिमच्या कडेला टायरवर एक बारीक रेघ दिसते, ती सगळीकडून सारख्या अंतरावर दिसली की टायर नीट बसला. ट्यूबचा टायर असेल तर ट्यूब नवीच घ्या. पुढे एका प्रकारचा, मागे दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे एक रेडियल आणि एक साधा क्रॉस-प्लाय, अशी जोडी कंपनीने सांगितल्याशिवाय लावू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. चाक काढून बसवताना ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात. अशा वेळी पहिल्यांदा ब्रेक दाबला की तो रिकामाच जातो. गाडी दुकानातून हलवायच्या आधी, उभ्या उभ्या, पुढचा-मागचा ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघा. चेनचा ताण बघा. डिस्कला साबणाचा किंवा तेलाचा हात लागला असेल तर पुसून घ्या. एबीएसची वायर जागेवर आहे का ते बघा. नव्या टायरवरचे काही अपघात टायरमुळे होतच नाहीत, ते या पाच मिनिटांच्या आळसामुळे होतात.

एवढ्या रस्त्यांत पेण-रोहाच का?

टायर कंपन्या टायर तपासतात ते बंद ट्रॅकवर. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, शिवाय ब्रेक आणि वळणं तपासायच्या वेगळ्या जागा आहेत. आपल्याकडे मुंबई-गोवा हायवे आहे. गंमत सोडा, पण रस्त्याच्या जेवढ्या जाती या पट्ट्यात सापडतात तेवढ्या शंभर किलोमीटरच्या दुसऱ्या फेऱ्यात क्वचित मिळतील.

हा राष्ट्रीय महामार्ग ६६, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सतरा नंबर. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढे काय काय झालं ते कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाच्या कंबरेला माहीत आहे. पण या रखडपट्टीमुळे एकाच रस्त्यावर काँक्रीट, डांबर, खड्डे बुजवायला बसवलेले पेव्हर ब्लॉक, पुलांचे सांधे आणि वळवलेले रस्ते असं सगळं बघायला मिळालं. माणूस म्हणून हे वाईट. टायर म्हणून इथं परीक्षा चांगली होते.

रोह्याकडे वळलं की चित्र बदलतं. कोलाडहून कुंडलिका नदीच्या अंगाने रोह्यापर्यंत आणि पुढे भिसे खिंडीतून नागोठण्यापर्यंत छोटा रस्ता, वळणं आणि चढउतार. म्हणजे सरळ आणि वळणाचं, दोन्ही एकाच फेऱ्यात. वाटेत गावं आहेत, पेट्रोलपंप आहेत, पंक्चरवाले आहेत आणि रोह्याला रेल्वे स्टेशन पण आहे. कोकण रेल्वेची सुरुवातच तिथून होते. नव्या टायरने काही घोळ घातलाच तर तुम्ही ताम्हिणीच्या मध्यावर एकटे अडकलेले नसता.

एक अट आहे. हाच फेरा जुन्या टायरवर एकदा मारलेला हवा. शक्य असेल तर टायर बदलायच्या आधीच्या आठवड्यात, तेवढ्याच सामानासह. हे जवळजवळ कुणीच करत नाही, आणि म्हणूनच नव्या टायरचे बहुतेक रिव्ह्यू सारखेच असतात. गोटा झालेला टायर काढून कुठलाही नवा टाकला तरी गाडी भारीच वाटणार. त्यात त्या कंपनीचं कौतुक किती आणि नवेपणाचं किती हे वेगळं काढता यायला हवं.

आता फेरा

सकाळी निघा. कोरडा दिवस निवडा. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी किमान दोन-तीन तास उभी असताना. स्वतःचा छोटा गेज असेल तर उत्तम, कारण पंपावरचा मीटर किती खरा बोलतो हे त्याच्या मालकाला पण ठाऊक नसतं. किती हवा हे गाडीच्या पुस्तकात किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतं. एकट्याचा आकडा वेगळा, डबलसीटचा वेगळा. टायरच्या भिंतीवर छापलेला सगळ्यात मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरा असा त्याचा अर्थ नाही.

पेण सोडलं की रामवाडी आणि मग वडखळ. इथवर काही तपासायचं नाही, नुसतं टायर गरम होऊ द्यायचा. तसंही वडखळला अलिबागचा फाटा आणि डोलवीच्या स्टील कारखान्याची अवजड वाहनं, दोन्ही एकत्र येतात. तिथं टायरपेक्षा आरशात लक्ष हवं. गणपतीच्या आधीचे आठवडे असतील तर आणखी एक गोष्ट. पेण, हमरापूर, जोहे या भागातून मूर्तींनी भरलेले टेम्पो बाहेर पडत असतात आणि ते खड्ड्यापुढे एकदम थांबल्यासारखे हळू होतात. बरोबरच आहे, आत बाप्पा आहेत. तुम्ही अंतर ठेवा.

वडखळच्या पुढे गडब, कासू करत नागोठण्यापर्यंत बऱ्यापैकी सरळ चाल मिळते. पहिली खरी तपासणी इथं. ताशी पन्नास-साठवर एकसारखा वेग ठेवा आणि हँडलकडे लक्ष द्या. ठराविक वेगाला हँडल थरथरत असेल आणि वेग बदलल्यावर थांबत असेल तर बॅलन्सिंग राहिलंय. गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाक सरळ बसलेलं नाही, किंवा चेन ओढताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवलेल्या नाहीत. काँक्रीटवर आडव्या बारीक खाचा असतात, त्यावर टायर गुणगुणतो. जाड ठोकळ्यांचा, अर्धा रस्त्याचा अर्धा मातीचा टायर असेल तर हा आवाज हेल्मेटच्या आत पण येतो. आवाजाने अपघात होत नाही, पण चारशे किलोमीटरच्या दिवसात तो डोकं खातो. टूरिंगच्या टायरसाठी हा मुद्दा मला तरी ग्रिपच्या खालोखाल वाटतो.

पुलांचे सांधे आले की बघा, गाडी एकदाच उडून शांत होते की मागे पुन्हा हेलकावते. हवा जास्त असेल तर प्रत्येक सांधा कंबरेत बसतो. कमी असेल तर टायर ढिला, वळणात उशिरा येणारा. लोक "टायर हार्ड आहे" किंवा "टायर ढिला आहे" म्हणतात, त्यात बऱ्याचदा टायर निर्दोष असतो आणि हवा चुकलेली असते.

नागोठण्याला पाच मिनिटं थांबा. हाताने टायरची बाजू बघा, कोमट हवी. रिमजवळ कुठं हवा निघतेय का, व्हॉल्व सरळ आहे का, तेवढंच.

तिथून ऐनघर, सुकेळी खिंड, खांब आणि कोलाड. सुकेळीला चढ-उतार आणि लांब वळणं आहेत, आणि ट्रक पण आहेत. या खिंडीत झुकण्याचे प्रयोग करायचे नाहीत. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये तर नाहीच. टायरच्या मधल्या पट्ट्याची कातडी आता घासली गेली आहे, कडांना रस्ता अजून लागलेलाच नाही. म्हणजे मधोमध पकड आहे आणि कडेला नाही, अशी फसवी अवस्था असते. सरळ चालताना सगळं छान वाटतं, आणि पहिल्या खोल वळणात तुम्ही अजून न वापरलेल्या रबरावर उभे असता.

कोलाडला मालगाडीवर रांगेने उभे असलेले ट्रक दिसले तर दचकू नका. कोकण रेल्वेची ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा इथून १९९९ पासून चालते. कोलाडहून रोह्याकडे वळा. उरलेल्या फेऱ्याची मजा आता आहे. नदीच्या बाजूचा रस्ता, सौम्य वळणं. प्रत्येक वळणात आधीच्यापेक्षा किंचित जास्त झुका. किंचितच. हात सैल ठेवा आणि गोल टायर गाडी किती सहज वळवतो ते हाताला शिकू द्या. वळणाच्या मध्यावर गाडी आपणहून आणखी आत पडत असेल, किंवा तुम्हाला सारखी धरून ठेवावी लागत असेल, तर ते लक्षात ठेवा. दोनशे किलोमीटरनंतरही तसंच राहिलं तर तो टायरचा स्वभाव आहे.

रोह्यात चहा. चहा होईतो हवा पुन्हा मोजा. तीस अंशांवर ३२ पीएसआय भरलेला टायर आतून पन्नास अंशांवर गेला तर हवा साधारण ३५ दाखवते. हे नैसर्गिक आहे, ती कमी करायची नाही. पण दहा-बारा पीएसआय वाढली असेल तर मुळात हवा कमी होती आणि टायर दबून दबून तापला. उलट, हवा सकाळपेक्षा कमी दाखवत असेल तर कुठून तरी गळती आहे, पुढे जायच्या आधी पंक्चरवाला गाठा.

रोहा ते नागोठणे भिसे खिंडीतून. इथं पहिल्यांदा चढणीत पिकअप आणि उतारावर ब्रेक, असं दोन्ही मिळतं. रस्ता अरुंद आहे आणि वळणापलीकडे खडी असू शकते, एसटी असू शकते, म्हैस असू शकते. कुठल्या टायरची नक्षी मोकळ्या खडीवर डांबरासारखी धरत नाही. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. नागोठण्याला पोचेपर्यंत टायरच्या कडा पण खरखरीत दिसायला लागतील. अगदी टोकाचा अर्धा इंच कोराच राहील, राहू दे. तो घासून दाखवायची स्पर्धा रस्त्यावर खेळायची नसते.

ब्रेक कधी तपासायचा?

फेरा पूर्ण झाल्यावर. आणि हायवेवर नाही. मागे-पुढे कुणी नाही असा कोरडा, सरळ, मोकळा पट्टा शोधा, मित्राला मागे लक्ष ठेवायला उभं करा. ताशी ४० वरून सुरुवात. पहिल्यांदा हलका ब्रेक, मग मध्यम, मग जोरात. एबीएस कधी थडथडतो ते बघा. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस नव्या मॉडेलसाठी एप्रिल २०१८ पासून आणि जुन्या मॉडेलसाठी एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाला. पण एबीएस ग्रिप तयार करत नाही, तो फक्त असलेली ग्रिप सुटू देत नाही. टायर जेवढं धरेल तेवढंच.

टायरच्या पकडीचा फरक किती मोठा असतो, त्याचं साधं गणित. ताशी ६० वर, कोरड्या डांबरावर टायरची पकड चांगली असेल, समजा ०.८, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायला सुमारे १८ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर पकड ०.५ वर आली तर सुमारे २८ मीटर. वरचे दहा मीटर म्हणजे जवळजवळ एक लालपरी. आणि यात तुमचा विचार करायचा वेळ धरलेलाच नाही. ६० च्या वेगाला तुम्ही नुसते दचकलात, एक सेकंद, तरी गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते.

आणि पावसात?

कोकणासाठी टायर घेताना निम्मा प्रश्न हाच आहे. रायगडमध्ये वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आपली टूरिंगची हौस पण नेमकी जुलैत उफाळून येते.

ओल्या रस्त्यावर टायरला दोन कामं असतात. नक्षीच्या खाचांतून पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्या ओलसर डांबराला रबराने धरायचं. पहिलं काम खाचांचं, दुसरं रबराच्या मिश्रणाचं. म्हणून नुसती खोल नक्षी बघून पावसाचा टायर ठरवता येत नाही. मोठमोठ्या ठोकळ्यांचा ऑफरोड टायर चिखलात राजा असतो, पण ओल्या काँक्रीटवर त्याचं कमी रबर रस्त्याला टेकतं. तुमची सहल नव्वद टक्के हायवे आणि दहा टक्के बीचची वाट अशी असेल तर फोटोत मारून नेणारा टायर घेऊन तुम्ही नव्वद टक्के वेळ तडजोड करत फिरता. हे माझं मत आहे, पटत नसेल तर सुकेळी खिंडीत पावसात एकदा दोन्ही चालवून बघा. म्हणजे हळू चालवून.

पावसाची तपासणी कोरड्या फेऱ्यानंतर, दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर. आणि पहिल्या सरीत नको. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल, धूळ, टायरची पूड पहिल्या पावसात वर येते आणि रस्ता साबण होतो. चार-पाच चांगल्या सरी पडून रस्ता धुतला गेला की जा. तेव्हा तोच फेरा, वेग कमी. झेब्रा क्रॉसिंगचे आणि कडेचे पांढरे पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे, पेव्हर ब्लॉक, रस्त्यातली मॅनहोलची झाकणं, यांच्यावरून जाताना गाडी सरळ ठेवायची. या जागांवर चांगला टायर आणि साधा टायर यांच्यातला फरक कमी होतो. ओल्या लोखंडावर सगळेच सारखे गरीब.

कायद्याच्या दृष्टीने दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर असली की चालतं. चारचाकीला १.६ लागते. पण ०.८ ही दंडाची रेघ आहे, पावसाची नाही. खाचेत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर त्यांच्या बरोबरीला यायला लागला की नवे टायर बघायला लागा. आणि ते बघणं मे महिन्यात. जुलैत टायर बदलून पहिले शंभर किलोमीटर भर पावसात काढणं म्हणजे सगळ्यात कच्चा टायर सगळ्यात अवघड पेपरला बसवणं.

एका फेऱ्यात काय कळत नाही?

टायर किती हजार किलोमीटर चालेल, हे कळत नाही. टूरिंगच्या बऱ्याच टायरमध्ये मधला पट्टा कडक रबराचा आणि कडा मऊ रबराच्या असतात, म्हणजे सरळ रस्त्यावर झीज कमी आणि वळणात पकड जास्त. ती युक्ती खरी की नुसती जाहिरात, हे पाच-सहा हजार किलोमीटरनंतर मधला भाग किती चपटा झाला यावरून ठरतं. त्यासाठी एक सोपी सवय. पहिल्या दिवशी पुढच्या-मागच्या टायरची नक्षी मधोमध आणि कडेला मोजून मोबाईलमध्ये लिहून ठेवा, सोबत ओडोमीटरचा फोटो. दर हजार किलोमीटरला एक नोंद. नक्षीची खोली मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, आणि ते नसेल तर एका रुपयाचं नाणं खाचेत उभं धरून फोटो काढला तरी दर वेळचा फरक दिसतो.

पेणला परत आल्यावर हवा लगेच भरायला जाऊ नका, टायर गरम आहे. गाडी लावा, पेणचे पापड किंवा पोहे घ्यायचे असतील तर घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरची हवा मोजा. कालच्या सकाळच्या आकड्याशी जुळली तर टायर रिमवर नीट बसलाय. मागच्या चाकाचा ॲक्सल नट आणि चेनचा ताण त्याच वेळी पुन्हा बघून घ्या, शंभर किलोमीटरनंतर दोन्ही किंचित ढिले झालेले असू शकतात.